स्थूल रुग्णाचे ऑपरेशन: जिवाला धोका नेमका कुठून येतो

पित्ताशयातले खडे असोत, हर्निया असो, गर्भाशय काढायचे असो की झिजलेला गुडघा बदलायचा असो, रुग्णाचे वजन 100 किलोच्या पुढे गेले की संमतीपत्रावर सही घेताना एक वाक्य हमखास कानावर येते, "वजन जास्त आहे, रिस्क आहे." नातेवाईक मान डोलावतात, सही करतात आणि बाहेर बाकड्यावर बसून एकमेकांना विचारतात, म्हणजे होणार तरी काय? भुलेतून जाग येणार नाही? हृदय बंद पडेल? टाके उसवतील? नेमके उत्तर न मिळाल्याने भीती वाढते, आणि रुग्णाच्या मनात वर अपराधीपणाची भर पडते.

धोका असतो, हे खरेच आहे. पण तो सगळ्या स्थूल माणसांना सारखा नसतो, सगळ्या ऑपरेशनांत सारखा नसतो, आणि त्यातला बराचसा आधी ओळखून कमी करता येतो. ऑपरेशननंतरचा मृत्यू सहसा अचानक येत नाही. आधी एखादी गुंतागुंत होते. फुप्फुसाचा तळ मिटून जातो, पायात रक्ताची गुठळी होते, आतड्याचा आतला टाका गळू लागतो. ती लवकर लक्षात आली तर बहुतेक वेळा माणूस वाचतो. स्थूल शरीरात अडचण अशी, की काही गुंतागुंती जास्त होतात आणि त्यांची खूण बाहेरून उशिरा दिसते. हा उशीरच जिवावर बेततो.

आकडे काय सांगतात

वजन जितके जास्त तितके मृत्यू जास्त, असा सर्वसाधारण समज आहे. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या शल्यविशारदांनी 2003 मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नियोजित ऑपरेशनांचा हिशेब 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडला, तेव्हा या समजाला पहिला मोठा धक्का बसला. स्थूल रुग्णांत एकूण गुंतागुंती इतरांहून जास्त निघाल्या नाहीत. फरक दिसला तो मोठी चीर देऊन केलेल्या ऑपरेशनांनंतरच्या जखमेच्या जंतुसंसर्गात.

पुढे 2009 मध्ये अमेरिकेतल्या 1,18,707 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन कमी करण्याची ऑपरेशने त्यातून वगळली होती. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, वाढत गेला तशा गुंतागुंती वाढत गेल्या आणि त्यात जखमेचा संसर्ग आघाडीवर होता. मृत्यूंचा आलेख मात्र वेगळाच निघाला. सर्वांत जास्त मृत्यू दोन टोकांना होते, एकीकडे फार कृश माणसे आणि दुसरीकडे अतिस्थूल. मधल्या गटात, म्हणजे वजन थोडे किंवा मध्यम जास्त असलेल्यांत, मृत्यूचे प्रमाण 'योग्य' वजनाच्या रुग्णांपेक्षाही कमी होते. डॉक्टर मंडळी याला 'ओबेसिटी पॅराडॉक्स' म्हणतात.

याचा अर्थ चरबी संरक्षण देते असा लगेच काढू नये. कर्करोगाने किंवा दीर्घ आजाराने माणूस वाळतो, त्यामुळे कमी वजनाच्या गटात मुळातच जास्त आजारी लोक जमा होतात. शिवाय फार धोक्याच्या स्थूल रुग्णाला सर्जन अनेकदा टेबलावर घेतच नाहीत, त्यामुळे आकडेवारीत येतात ते निवडलेले रुग्ण. मोठ्या ऑपरेशननंतर शरीर आठवडाभर आपल्याच साठ्यावर जगते आणि ज्याच्याकडे थोडा साठा आहे त्याला ते दिवस सोपे जातात, हेही एक कारण असू शकते. या सगळ्यांतून माझ्या मते हाती लागते ते एवढेच की नुसते वजन पाहून कोणाचे भविष्य सांगता येत नाही. बीएमआय 31 असलेला, रोज पाच किलोमीटर चालणारा शेतकरी आणि बीएमआय 31 असलेला, मधुमेह, रक्तदाब आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असलेला माणूस, हे भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने दोन पूर्णपणे वेगळे रुग्ण आहेत.

भारतीय शरीराचा वेगळा हिशेब

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचा हिशेब बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडला. ते संख्याशास्त्रज्ञ आणि खगोलशास्त्रज्ञ होते. एका माणसाची प्रकृती ठरवणे हा त्यांचा हेतूच नव्हता, त्यांना सरासरी माणूस शोधायचा होता. चरबी किती, स्नायू किती आणि चरबी नेमकी कुठे साठली आहे, यांतले काहीच हा आकडा सांगत नाही.

ही उणीव आपल्याकडे जास्त महत्त्वाची ठरते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातल्या चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. हाडापेराने बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात आणि यकृतात चरबी दडलेली असते, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवले असेल. म्हणूनच भारतीय तज्ज्ञांनी 2009 मध्ये आपल्यासाठी मर्यादा खाली आणल्या. बीएमआय 23 च्या पुढे जास्त वजन, 25 च्या पुढे स्थूलता, आणि कमरेचा घेर पुरुषांत 90 तर स्त्रियांत 80 सेंटिमीटरपेक्षा कमी असावा.

ऑपरेशन टेबलावर या कमरेच्या घेराला फार अर्थ असतो. चरबी मांड्या-नितंबांवर असेल तर सर्जनला पोटातले काम तुलनेने सोपे जाते. तीच चरबी आतड्यांच्या पडद्यात, यकृतात आणि मूत्रपिंडांभोवती असेल तर आत जागा मिळत नाही, रक्तवाहिनी दिसत नाही, यकृत उचलता येत नाही, ऑपरेशन लांबते. लांबलेले ऑपरेशन म्हणजे जास्त वेळ भूल, जास्त रक्तस्राव आणि संसर्गाला जास्त वाव. तेव्हा अमेरिकी अभ्यासातला 'थोडे जास्त वजन असले तर बिघडत नाही' हा निष्कर्ष सुटलेल्या पोटाच्या आपल्या माणसाला जसाच्या तसा लावणे योग्य नाही.

भूल देतानाची पहिली मिनिटे

भूल देताना रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो आणि भूलतज्ज्ञ घशातून श्वासनलिकेत नळी घालतो. या मधल्या वेळात शरीर फुप्फुसांत आधी भरून ठेवलेल्या ऑक्सिजनवर चालते. पाठीवर झोपवलेल्या स्थूल माणसाच्या पोटाचा भार छाती आणि पोट यांमधल्या पडद्यावर येतो, फुप्फुसे दबतात आणि हा साठा लहान होतो. उलट शरीर मोठे असल्याने ऑक्सिजन लागतो मात्र जास्त. 1991 मधल्या एका मोजणीत, श्वास थांबल्यावर रक्तातला ऑक्सिजन 90 टक्क्यांपर्यंत उतरायला सामान्य वजनाच्या रुग्णांना सरासरी सहा मिनिटे लागली, अतिस्थूल रुग्णांना तीन मिनिटांहूनही कमी. नळी पहिल्या प्रयत्नात गेली तर एवढा वेळ पुरतो. मान आखूड आणि जाड असेल, जीभ मोठी असेल, तोंड नीट उघडत नसेल, तर तो पुरत नाही.

ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या गंभीर अपघातांची देशभर नोंद करून 2011 मध्ये एक मोठा अहवाल निघाला. नोंदवलेल्या घटनांपैकी सुमारे 42 टक्के स्थूल रुग्णांच्या होत्या. असा अपघात होण्याची शक्यता स्थूल रुग्णांत दुप्पट आणि अतिस्थूल रुग्णांत चौपट, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यातली बरीचशी प्रकरणे वाचताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नळी घालणे अवघड जाणार याची चिन्हे आधीपासून होती, पण पहिला बेत फसला तर पुढे काय, हे कोणी ठरवलेले नव्हते.

उपाय खर्चिक नाहीत. रुग्णाला सपाट न झोपवता डोके आणि खांदे उशांनी उचलून कानाचे भोक आणि छातीचे हाड एका रेषेत आणायचे, टेबल डोक्याकडून 25 अंश वर ठेवायचे, काही मिनिटे घट्ट मास्क लावून ऑक्सिजन भरायचा, घशात पाहण्याचे उपकरण, म्हणजे व्हिडिओ असलेला लॅरिंगोस्कोप, हाताशी ठेवायचा आणि अनुभवी दुसरा भूलतज्ज्ञ खोलीत असू द्यायचा. पायाचे किंवा पोटाच्या खालच्या भागाचे ऑपरेशन असेल तर पाठीत इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर करण्याचा विचार आधी करतात. तोही सोपा नसतो, कारण चरबीखाली मणक्यांच्या खुणा हाताला लागत नाहीत.

घोरण्याकडे दुर्लक्ष नको

आपल्याकडे घोरणे हा घरातल्या थट्टेचा विषय आहे. ऑपरेशनच्या रात्री मात्र तो जिवाचा प्रश्न होऊ शकतो. झोपेत घसा मिटून श्वास थांबतो, ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. स्लीप ॲप्नियाचा रुग्ण रोज रात्री या जागे होण्यामुळेच सुखरूप राहतो. ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून मॉर्फीनच्या जातीची औषधे दिली की नेमके हे जागे होणेच मंदावते. रात्री दोन वाजता वॉर्डात सगळे शांत असते, रुग्ण झोपलेला दिसतो आणि श्वास थांबल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही.

टोरांटोच्या डॉ. फ्रान्सेस चंग यांच्या गटाने 2008 मध्ये आठ प्रश्नांची 'स्टॉप-बँग' ही चाळणी तयार केली. मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिले आहे का, रक्तदाब आहे का, आणि मग बीएमआय, वय, मानेचा घेर, पुरुष की स्त्री. दोन मिनिटांत होते आणि फुकट होते. झोपेत श्वास थांबताना पाहिलेला माणूस बहुधा एकच असतो, शेजारी झोपणारा जोडीदार. तपासणीला त्यांना सोबत न्यावे आणि त्यांनी संकोच न करता बोलावे. ज्यांच्याकडे झोपेत हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप मशीन आहे त्यांनी ते ऑपरेशनला जाताना बॅगेत भरावे. अनेक जण ते घरीच ठेवून येतात.

जखम आणि गुठळी

चरबीच्या थराला रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे तिथे ऑक्सिजन कमी पोहोचतो, प्रतिजैविक कमी पोहोचते आणि पाणी साठून पू होतो. जखम चिघळली की पुढे हर्निया होण्याची शक्यता वाढते. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनचा फायदा म्हणूनच स्थूल रुग्णाला सर्वांत जास्त होतो. औषधाचा डोसही वजन पाहून ठरवावा लागतो. सेफाझोलिन हे प्रतिजैविक ऑपरेशनआधी सामान्यतः 2 ग्रॅम देतात, 120 किलोच्या पुढे 3 ग्रॅम. सगळ्यांना एकच डोस देण्याची सवय इथे नडते.

पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाणे हे अचानक मृत्यूचे एक जुने आणि ओळखीचे कारण आहे. स्थूलता, अंथरुणावर पडून राहणे आणि मोठे ऑपरेशन, तिन्ही एकत्र आले की धोका वाढतो. रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची इंजेक्शने, पायाला हवेने दाबणाऱ्या पट्ट्या आणि त्याच संध्याकाळी पलंगावरून उठून चार पावले चालणे, हे त्यावरचे उपाय. "आत्ताच ऑपरेशन झालंय, पडून राहू दे" असे प्रेमाने सांगणारे नातेवाईक नकळत अपायच करतात. इथे नर्सचे ऐकावे.

गुंतागुंत लपते ती अशी

आतड्याचा जोड गळला आणि घाण पोटात पसरली, की बारीक माणसाचे पोट लाकडासारखे कडक होते. सर्जनने हात लावताच तो कळवळतो. स्थूल माणसाच्या पोटावर जाड थर असतो, त्यामुळे हाताला काहीच लागत नाही. रुग्ण सांगतो, "जरा अस्वस्थ वाटतंय, दम लागतोय, खांदा दुखतोय." ताप असतोच असे नाही. धाप लागली तर ती वजनामुळे असेल असे मानले जाते. अशा वेळी सर्वांत खरी साक्ष देते ती नाडी. वजन कमी करण्याची ऑपरेशने करणारे सर्जन आपल्या शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या दिवसापासून हेच बजावतात की नाडी मिनिटाला 120 च्या वर टिकून राहिली, तर गळती नाही हे सिद्ध होईपर्यंत गळती आहे असे समजा.

पुढच्या पायरीवरही अडथळे असतात. सोनोग्राफीत चरबीमुळे चित्र धूसर येते. सीटी स्कॅनच्या टेबलाला वजनाची मर्यादा असते. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला अपुरा असला तर आकडा खोटा जास्त येतो, म्हणजे दाब उतरत असतानाही कागदावर तो बरा दिसतो. पुन्हा पोट उघडायचे ठरले तरी तेही अवघड काम असते. असा प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा उशीर होत जातो.

हा उशीर किती महाग पडतो, हे दाखवणारा एक अभ्यास मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो केवळ स्थूल रुग्णांवरचा नाही. 2009 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या अमीर घाफेरी, जॉन बर्कमायर आणि जस्टिन डिमिक यांनी 84,730 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. सर्वांत कमी मृत्यू होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण 3.5 टक्के होते, सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्यांत 6.9 टक्के. साहजिकच वाटेल की दुसऱ्या गटात गुंतागुंती दुप्पट असतील. तसे नव्हते. गुंतागुंती दोन्हीकडे जवळपास सारख्या होत्या, 26.9 आणि 24.6 टक्के, किंबहुना चांगल्या रुग्णालयांत किंचित जास्तच. फरक पडला तो पुढे. मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी चांगल्या रुग्णालयांत 12.5 टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात 21.4 टक्के. सर्जनचे हात दोन्हीकडे सारखेच कुशल असतील. रात्री नर्सने नाडी मोजली का, बिघाड दिसल्यावर कोणाला फोन केला, तो माणूस किती वेळात आला, अतिदक्षता विभागात खाट होती का, यांवर जीव वाचणे ठरले असावे. ज्या शरीरात बिघाड मुळातच उशिरा दिसतो, त्याच्यासाठी या गोष्टी किती मोलाच्या, हे वेगळे सांगायला नको.

वजन कमी करण्याचेच ऑपरेशन

सर्वांत जड रुग्णांवर केले जाणारे ऑपरेशन सर्वांत धोक्याचे असेल, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेत दहा केंद्रांतल्या 4,776 रुग्णांवर नजर ठेवून 2009 मध्ये निष्कर्ष निघाला, की पहिल्यांदाच हे ऑपरेशन झालेल्यांपैकी 30 दिवसांत दगावलेले 0.3 टक्के होते. मोठी अडचण 4.3 टक्के रुग्णांना आली. कारण सरळ आहे. तिथे प्रत्येक गोष्ट स्थूल रुग्ण गृहीत धरूनच मांडलेली असते. टेबल, पलंग, रक्तदाबाचा पट्टा, डोस, आणि नाडीकडे लक्ष ठेवणारी नर्स. त्याच अभ्यासात धोका वाढवणाऱ्या गोष्टीही पुढे आल्या. पूर्वी कधी गुठळी झालेली असणे, स्लीप ॲप्निया, आणि थोडे अंतरही चालता न येणे. बीएमआयच्या अगदी टोकालाही धोका वाढलेला होता.

हीच तयारी हर्नियाच्या किंवा सिझेरियनच्या स्थूल रुग्णाला साध्या रुग्णालयात का मिळू नये, असा प्रश्न मला पडतो. त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैशापेक्षा आधी केलेला विचार जास्त लागतो.

ऑपरेशन ठरल्यावर

"आधी वजन उतरवून या" असे सांगून रुग्णाला परत पाठवणे सोपे आहे. कर्करोग, अडकलेला हर्निया किंवा चिघळलेले पित्ताशय थांबत नाही. तिथे वजनाची वाट पाहू नये. गुडघा बदलण्यासारख्या ऑपरेशनाला सवड असते, आणि बीएमआय 40 च्या पुढे असेल तर ते पुढे ढकलून आधी वजनाकडे पाहावे, असे अमेरिकेतल्या सांधे बदलणाऱ्या सर्जनांच्या संघटनेने 2013 मध्ये सुचवले होते.

घाईघाईत उपास करून वजन उतरवणे मात्र धोक्याचे आहे. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असणे हे ऑपरेशननंतरच्या मृत्यूचे फार भरवशाचे पूर्वचिन्ह मानले जाते, आणि जाड माणूस कुपोषित असू शकतो हे आपल्याकडे सहसा ध्यानात घेत नाहीत. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी यकृत लहान व्हावे म्हणून सुमारे दोन आठवडे कमी उष्मांकांचा आहार देतात. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली असतो आणि त्यात प्रथिने जपलेली असतात. घरी करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. निदान चार आठवडे आधी सिगारेट-तंबाखू बंद, साखर आटोक्यात, रोज चालणे, दीर्घ श्वासाचा व्यायाम.

आता एक नवी गोष्ट. वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शने, म्हणजे तिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड, 2025 पासून भारतात या कामासाठी मिळू लागली आहेत. या औषधांनी जठर हळू रिकामे होते, त्यामुळे रात्रभर उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकते आणि भुलेत ते फुप्फुसात जाण्याची भीती असते. अमेरिकी भूलतज्ज्ञांनी 2023 मध्ये आठवडाभर आधी इंजेक्शन थांबवा असे सांगितले. 2024 मध्ये भूमिका सौम्य झाली. रुग्ण पाहून ठरवा, आणि धोका जास्त वाटला तर आदले 24 तास फक्त पातळ आहार द्या. मनाने औषध बंद करू नये, पण भूलतज्ज्ञापासून ते लपवूही नये. लाजेने लपवणारे पुष्कळ असतात.

कोणते प्रश्न विचारावेत

फिजिशियनकडून 'फिटनेस' आणला की काम झाले, असे अनेक कुटुंबांना वाटते. त्या कागदापेक्षा भूलतज्ज्ञाशी आधी झालेली पंधरा मिनिटांची भेट जास्त उपयोगी पडते. ती ऑपरेशनच्या सकाळी नव्हे, काही दिवस आधी व्हावी. नळी घालणे अवघड जाईल का आणि तसे झाले तर काय ठरवले आहे? स्लीप ॲप्नियासाठी तपासले का? गुठळी टाळण्यासाठी काय देणार, केव्हापासून? पहिल्या रात्री ऑक्सिजनचे मॉनिटर लावलेले असेल का? रात्री काही बिघडले तर कोणता डॉक्टर रुग्णालयात असेल आणि आयसीयू याच इमारतीत आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीत भूल देण्याआधी श्वासमार्ग अवघड आहे का हे विचारणे आहेच, त्यामुळे असा प्रश्न केल्याने कोणत्याही डॉक्टरने रागावण्याचे कारण नाही. ती यादी आठ शहरांत वापरून पाहिली गेली, त्यांत नवी दिल्लीही होती. त्या अभ्यासात मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले.

घरी परतल्यावरचे दहा दिवसही महत्त्वाचे. बसल्या जागी नाडी जोरात धावते आहे, दम वाढतो आहे, एकच पोटरी सुजून दुखते आहे, किंवा रुग्ण 'काहीतरी बरोबर नाही' असे पुन्हा पुन्हा म्हणतो आहे, तर ताप येण्याची वाट न पाहता त्याच रुग्णालयात परत जावे. तिथे कोणी "वजनामुळे होतं असं" म्हणाले, तर नाडी मोजून लिहून द्या असे नम्रपणे पण ठामपणे सांगावे.